काखेत बघणारं कबूतर

मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत बातमी पसरली की शिवणकामाच्या दुकानातल्या धाकटीनं थोरल्या बहिणीला घराबाहेर काढलं. सकाळी दहापर्यंत थोरली रडत गेली होती, अकरापर्यंत तिच्या हातात एक गाठोडं आलं होतं आणि जेवायच्या वेळेपर्यंत ती वृद्धाश्रमात दाखलसुद्धा झाली होती. या बातमीत माझा काहीच हात नव्हता असं मी म्हणणार नाही. मी फक्त समोरच्या किराणावाल्याला एवढंच म्हणालो होतो की, "थोरली आज खिडकीत दिसली नाही." पुढची सगळी मेहनत त्याची.

खरी गोष्ट अशी की थोरली घरातून नव्हे, खिडकीतून हलली होती. पाच पावलं आत. जिन्याखाली. दुकानाच्या एकुलत्या एक मोठ्या खिडकीपाशी सव्वीस वर्षं तिचं टेबल होतं. तिथं बसून ती हातानं भरतकाम करायची. त्या जागी आता एक पांढरंशुभ्र, दहा सुयांचं, कपाटाएवढं मशीन उभं होतं, आणि त्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून धाकटी उभी होती, जणू दोघांचं नुकतंच लग्न लागलंय.

धाकटी म्हणजे फार लहान समजू नका. एक्कावन्न वर्षांची आहे. पण बहीण अठ्ठावन्नची, म्हणून धाकटी ती धाकटीच. धाकटी बेतते आणि शिवते, थोरली भरते, असा दोघींचा जुना संसार. धाकटीच्या तोंडात कायम पाच-सहा टाचण्या असतात. त्यामुळे ती ओठांच्या कोपऱ्यातून बोलते, आणि समोरच्याला वाटतं ही आपल्याशी काहीतरी गुपित बोलतेय. गुपित वगैरे काही नसतं. "पोट आत घेऊ नका, कोट काय तुम्ही श्वास रोखून घालणार आहात?" असलं काहीतरी असतं. मापाच्या चिठ्ठीवर ती आकड्यांशेजारी शेरे लिहिते. माझ्या चिठ्ठीवर एकदा मी चोरून वाचलं होतं: "डावा खांदा खाली, जीभ लांब." शिंप्याला जिभेच्या मापाची काय गरज, हे मला अजून कळलेलं नाही.

तिला एक नवरा होता. तो का गेला याबद्दल गल्लीत तीन मतं आहेत. तिचं स्वतःचं मत असं: "मी त्याचं माप बरोबर घेतलं, ते त्याला आवडलं नाही."

थोरलीचं सगळं उलट. ती कमी बोलते आणि जे बोलते ते खाली मान घालून, टाक्याला सांगितल्यासारखं. तिची एकच चैन. ती भरलेलं काम दाखवताना नेहमी उलटं करून दाखवते. गिऱ्हाइकासमोर मागची बाजू वर करून ठेवते. न गाठ दिसेल, न दोरा इकडून तिकडे ओढलेला दिसेल. "पुढून काय, कुणीही छान दिसतं," ती म्हणते. तिची मागची बाजू इतकी स्वच्छ असते की नवख्याला सुलटं कुठलं आणि उलटं कुठलं ते सांगता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा म्हणून सांगणार नाही, कारण पुढं ती तुम्हाला विसरताच येणार नाही.

तर मशीन आलं कशामुळे? बँडमुळे. आमच्या भागात टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या लोकांचा एक बँड आहे. बावीस म्हातारे. चाळीस-चाळीस वर्षं पायी पत्रं वाटली, त्यामुळे पाय मजबूत आणि निवृत्तीनंतर खुर्ची मिळाली, त्यामुळे पोटंही मजबूत. तयार कोट त्यांच्यातल्या एकालाही बसत नाही. उंच आहेत ते बारीक नाहीत, बारीक आहे तो एकच आहे आणि त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब आहे. त्याच्या मते तो पिशवीनं झाला. त्यांचा बँडमास्तर, पांढऱ्या मिशांचा, रुबाबदार माणूस, धाकटीकडे आला आणि म्हणाला, "बावीस कोट, प्रत्येकाच्या मापाचे. आणि डाव्या छातीवर आमचं चिन्ह." चिन्ह म्हणजे एक कबूतर, त्याच्या चोचीत पाकीट, पाकिटाच्या कोपऱ्यात छोटंसं लाल तिकीट. सहा आठवड्यांनी नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम होता.

मास्तर गेल्यावर दोघी बहिणींत जे झालं ते मी ऐकलं, कारण मी तेव्हा पॅन्टची शिवण दाखवायला तिथं होतो. शिवण उसवलेली नव्हती, पण माणसानं आधी दाखवून ठेवावी.

थोरली म्हणाली, "एक कबूतर मला चार दिवस लागेल."

"म्हणजे बावीस कबुतरं अठ्ठ्याऐंशी दिवस," धाकटी म्हणाली. "कार्यक्रम बेचाळीस दिवसांवर."

"थांबतील."

"ताई, त्यांचं वय बघ. अठ्ठ्याऐंशी दिवसांत बाविसांचे वीस होतील. तुझं काम कमी होईल हे खरं, पण मी कापलेले दोन कोट कुणाला घालू?"

"मग छापून घे चिन्ह."

"तीन धुण्यांत त्याला भेगा पडतात. कबुतराला म्हातारपण येईल."

"मग बाहेरून बिल्ले भरून आण आणि चिकटव."

"मापाच्या कोटावर चिकटवलेला बिल्ला?" धाकटीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. तिनं टाचण्या काढल्या की समजायचं, आता विषय गंभीर आहे. "एवढा अंगासरसा कोट शिवायचा आणि छातीवर जखमेला लावल्यासारखी पट्टी मारायची? त्यापेक्षा मी खिळा ठोकून कबूतर टांगीन."

उरलं मशीन. आणि मापाच्या कपड्याला मशीन कसं सोयीचं, हे धाकटी मला, बहिणीला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या चष्मेवाल्यालासुद्धा समजावून सांगू लागली. तयार कोटावर भरायचं तर अस्तर, खिसा सगळं मध्ये येतं. पण इथं कोट आपणच कापणार, तर डाव्या छातीचा तुकडा शिवण्याआधीच सपाट चौकटीत ताणायचा, त्यावर भरायचं आणि मग जोडायचा. जाड्याचा तुकडा मोठा, बारक्याचा लहान, पण कबूतर प्रत्येकाच्या बरोबर काळजावर. चष्मेवाला म्हणाला, "वा." तो बिचारा दूध आणायला निघाला होता.

मशीन निवडायला ती तीन वेळा मोठ्या दुकानात गेली. तिसऱ्या वेळी मीही गेलो. पिशवी धरायला माणूस लागतो. पिशवीत काय तर चिंध्या. जाड लोकरी कापड, पातळ अस्तर, ताणलं की ताणणारं बनियनचं कापड. विक्रेता टाय बांधलेला, तोंडात साखर. "बाई, हे मशीन मिनिटाला हजार टाके घालतं."

"मला पळवायचं नाहीये ते," धाकटी म्हणाली. "या अस्तरावर एक गोल काढून दाखवा."

त्यानं काढला. धाकटीनं तो पुढून पाहिलाच नाही. उलटा केला, खिडकीपाशी नेला, बोटानं चाचपला. "गोळा झालंय. पुढचं मशीन." दुसऱ्यावर काढला. "याचा वरचा दोरा मागं सैल पडतोय. पुढचं." चौथ्या मशीनपाशी विक्रेत्यानं टाय सैल केला. पाचव्यापाशी त्यानं विचारलं, "बाई, लोक रंग बघतात, स्क्रीन बघतात, तुम्ही पाठ का बघताय?" धाकटी म्हणाली, "घरी एक बाई आहे. ती पुढून बघतच नाही." शेवटी जे मशीन पातळ अस्तरावरसुद्धा सुरकुती न पाडता भरत होतं, ते तिनं घेतलं. विक्रेत्यानं आम्हाला दारापर्यंत सोडलं. आम्ही खरंच गेलो याची खात्री करायला असेल.

आता मशीन ठेवायचं कुठं? धाकटीनं एका वाक्यात सांगितलं: खिडकीत. थोरलीनं वर मान केली. तिनं मान वर केली, यावरूनच ओळखा.

"माझा उजेड आहे तो."

"बँडचं काम होईपर्यंत तरी दे."

त्यावर दोघींमध्ये करार झाला. साक्षीदार मी, तोंडात त्यांचंच बिस्कीट. बावीस कोट वेळेत आणि बिनचूक गेले, तर खिडकी कायमची मशीनची. एकाही कबुतरात खोट निघाली, तर मशीन हलणार आणि थोरलीचं टेबल परत उजेडात. थोरली म्हणाली, "कबूल." आणि स्वतःचं टेबल स्वतःच ओढत जिन्याखाली नेलं, कुणाला हात लावू दिला नाही. हीच ती "घराबाहेर काढलं"ची सकाळ.

तीन आठवडे खिडकीपुढं नुसती जत्रा. दहा सुया, वरती रंगीत रिळांची रांग, आणि चौकट आपोआप इकडून तिकडे नाचतेय. लोक काचेला नाक लावून बघायचे. धाकटी आतून काच पुसायची. म्हणजे लोकांच्या नाकाचे डाग पुसायची आणि पुन्हा नवीन नाकांना जागा करून द्यायची. जिन्याखाली थोरली दिव्याखाली कुणाच्या तरी रुमालावर अक्षरं भरत बसलेली. ती चार वाजता डोळे चोळायची. पूर्वी सहा वाजता चोळायची. मला दिसलं, तर धाकटीला दिसलं नसेल असं नाही.

मशीनला चित्र कळत नाही. त्याला फाइल लागते: कुठला टाका कुठं, कुठल्या दोऱ्यानं. ती फाइल बनवतो आमचा फोटोवाला. मोबाइल आल्यापासून त्याच्याकडे फोटो काढायला कुणी जात नाही, म्हणून तो आता हे करतो. त्याला नमुना हवा होता. बँडच्या जुन्या निशाणावरचं कबूतर इतकं विटलं होतं की ते कोंबडी असल्याचाही संशय यायचा. तेव्हा थोरलीनं, करारबिरार असूनसुद्धा, चार दिवस बसून एक कबूतर हातानं भरून दिलं. "भरायचंच तर निदान बरं कबूतर बघून तरी भरू दे त्या खोक्याला," ती म्हणाली. मग पुठ्ठ्यावर टाचण्यांनी नीट ताणून लावलं आणि धाकटीनं ते फोटोवाल्याला नेऊन दिलं.

फाइल झाली. धाकटीनं एका चिंधीवर पहिलं कबूतर भरून पाहिलं, पुठ्ठ्याशेजारी धरलं. पीस न् पीस जुळत होतं. थोरलीनंही पाहिलं. "हं," ती म्हणाली. तिच्या तोंडून "हं" म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्या. मग बावीस तुकडे एकामागून एक चौकटीत ताणले, मागं कागदी अस्तर लावलं, आणि पाच दिवसांत बावीस कबुतरं झाली.

कार्यक्रमाला बारा दिवस होते तेव्हा बँडमास्तर ट्रायलला आला. बाकीच्यांच्या बाह्या, पाठी, उजव्या बाजू तयार होत्या. फक्त मास्तरचा कोट कच्च्या टाक्यांनी पूर्ण जोडलेला. मी तिथं होतोच. या खेपेला पॅन्टची शिवण खरोखर उसवली होती, म्हणजे बघा. मास्तर आरशापुढं उभा राहिला. खांदे झक्कास. पोट इतकं खुबीनं झाकलं होतं की मास्तरलाच ते शोधावं लागलं. मग त्याची नजर छातीवर गेली आणि मिशी थरथरली.

"तिकीट डावीकडे आहे."

"काय?" धाकटी.

"पाकिटावरचं तिकीट. डाव्या कोपऱ्यात आहे. बाई, चाळीस वर्षं मी पाकिटं हातात घेतली. तिकीट उजव्या कोपऱ्यात असतं. हे आमच्या लोकांनी पाहिलं, तर बावीसच्या बावीस स्टेजवरच शिक्के मारायला थांबतील!"

धाकटीनं टाचण्या काढल्या. तिनं पाहिलं, मीही पाहिलं. आणि एकदा तिकीट दिसल्यावर बाकीचंही दिसलं. कबूतर गुंड्यांकडे बघायला हवं होतं; ते बघत होतं दुसऱ्या दिशेला. चोचीतलं पाकीट घेऊन ते सरळ मास्तरच्या काखेत निघालं होतं.

"आमच्याकडे काखेत पत्र टाकायची पद्धत नाही," मास्तर म्हणाला. माणूस चिडला होता, पण हजरजबाबी होता.

धाकटी पुठ्ठ्यापाशी गेली. टाचण्या उपटल्या, कापड सुटं केलं आणि उलटं केलं. दुसऱ्या बाजूला तस्संच कबूतर, तितकंच सुंदर, फक्त तोंड योग्य दिशेला आणि तिकीट उजव्या कोपऱ्यात. थोरलीनं आयुष्यभराच्या सवयीनं पुठ्ठ्यावर मागची बाजू वर करून लावली होती. फोटोवाल्याला फरक कळला नाही. मशीनला तर कळायचा प्रश्नच नव्हता. आणि दोघी बहिणींनी चिंधी तपासली ती त्याच उलट्या बाजूशी ताडून. दुसऱ्या कुणाचं काम असतं, तर मागच्या गाठी बघूनच फोटोवाल्यानं कापड परत केलं असतं. घात केला तो थोरलीच्या स्वच्छ हातानं.

मी मनात म्हटलं, आता मजा. धाकटीनं एक वाक्य बोलायचा अवकाश, "ही ताईची चूक," की करार तिच्या बाजूनं फिरतो. मशीननं तर सांगितलं तेच केलं. जिन्याखालून थोरलीही उठून आली होती. तिच्या चेहऱ्यावर मी सव्वीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. तिला कळलं होतं.

धाकटी मास्तरला म्हणाली, "चूक दुकानाची आहे. मी तपासायला हवं होतं. बारा दिवसांत कोट मिळतील, तिकीट उजवीकडे."

"तुमच्याकडे कापड शिल्लक आहे?"

"नाही. त्या रंगाचा तागा संपला."

"मग?"

"उसवणार."

मास्तर हसला. "एका कबुतराला नऊ हजार टाके, असं तुम्हीच सांगितलं होतंत. बावीस वेळा."

आता थोरली बोलली. खाली मान घालून, पण टाक्याला नव्हे, मास्तरला. "पुढून उसवलं तर महिना जाईल. मागून ब्लेड फिरवलं की खालचा दोरा तुटतो आणि पुढचं सगळं पिसासारखं निघतं. कापड लोकरीचं आहे, वाफ देऊन नखानं घासलं की सुईची भोकं मिटतात. मागच्या बाजूचं मला कळतं." मग बहिणीकडे न बघता म्हणाली, "पण काळं कापड, खालचा दोराही काळा. जिन्याखाली नाही जमणार मला. उजेड लागेल."

धाकटीनं एक सेकंद मशीनकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "भाऊ, तसंही रिकामेच उभे आहात. धरा तिकडून."

मास्तरनं, अर्धवट शिवलेला कोट अंगावर असतानाच, दुसरी बाजू धरली. किराणावाल्यालाही बोलावलं, तो इतक्या लवकर आला की बहुतेक दाराबाहेरच उभा असावा. चौघांनी मिळून मशीन जिन्याखाली सरकवलं आणि थोरलीचं टेबल खिडकीत आलं. माझी कंबर आठवडाभर धरली होती, पण त्याची चौकशी कुणी केली नाही.

मशीनमध्ये कबूतर वळवायला एक बटण असतं. धाकटीनं ते दाबलं आणि स्क्रीनवरचं कबूतर फट्‌कन गुंड्यांकडे बघू लागलं. तिनं मशीनला जी शिवी दिली ती मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तीत कबुतराच्या आईचा उल्लेख होता. तीन दिवस थोरलीनं खिडकीत बसून ब्लेड चालवलं. तुकडा मोकळा झाला की जिन्याखाली, आणि तिथं दहा सुया पुन्हा खडखड करत सुटायच्या. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नव्हत्या. "झालं?" "झालं." "पुढचा." एवढंच. एक तुकडा मात्र ब्लेडनं कापला गेला. कबुतराच्या शेपटीशी बोटभर भोक. शेवटी थोरलीनं ते भोक हातानं भरून शेपटीत लपवलं, तो तुकडा पुढं न उसवता तसाच मोठ्या ड्रमवाल्याला द्यायचं ठरलं आणि ड्रमवाल्याचा मोकळा झालेला तुकडा ज्याचा फाटला होता त्या बासरीवाल्याला. दोघांची छाती एकच निघाली, हे धाकटीच्या शेऱ्यांच्या चिठ्ठीत सापडलं. मास्तरला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "हरकत नाही. तो ड्रम छातीवरून जेवतानासुद्धा उतरवत नाही. त्याच्या काखेत काय चाललंय ते कुणाला दिसतंय?"

कार्यक्रमाला मी गेलो होतो. वाजवलं कसं, याबद्दल मी मत देत नाही, माझे शेजारी आहेत ते. पण कोट असे बसले होते की एकवीस कबुतरं एका रांगेत गुंड्यांकडे बघत उभी होती. सूर चुकला तरी ती हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बघतो तर खिडकीत अजून थोरलीच. खाली मान, हातात सुई, तोंडावर ऊन. मशीन जिन्याखाली अंधारात खडखडतंय. किराणावाला म्हणाला, "हरली हो धाकटी. नाक खाली झालं." आता खात्री करून घेणं हे शेजाऱ्याचं कर्तव्य. मी आत गेलो आणि धाकटीला मोठ्या सहानुभूतीनं विचारलं, "मग, करारात हरलीस म्हणायचं का?"

तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"हरले कसली? त्या मशीनला डोळे नाहीत, त्याला खिडकी कशाला? खिडकी मला हवी होती, तुम्ही सगळ्यांनी माझं मशीन बघावं म्हणून. तीन आठवडे बघितलंत ना पोटभर? झालं तर मग. आता तिथं ताईच बसणार. पॅन्ट आणलीय का, की नुसतेच आलात?"